शंभर यार्डांच्या अलीकडे-पलीकडे

पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबते. बोरघाटाचा चढ चढायला मागून रेटा देणारी जादा इंजिनं इथंच जोडली जातात. तेवढ्या वेळात प्रवासी खाली उतरतात आणि वड्यांचे घाणेच्या घाणे संपतात. विसावं शतक सरत आलं तोपर्यंत या थांब्यात वडा आणि चहाच्या जोडीला विडी-काडीही उघड खपत असे. जून १९९९ मध्ये रेल्वेने फलाटांवर विडी-सिगारेट विकायला बंदी घातली. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या फलाटांवरून पाकिटं गेली, वडे राहिले.

रेल्वेला धूम्रपानाचा प्रश्न त्याआधीही ठाऊक होता. १८९० च्या रेल्वे कायद्यातच त्याचं कलम होतं. डब्यातल्या सहप्रवाशांची संमती नसताना कोणी विडी-चिरूट ओढला तर दंड होई. १९८९ च्या नव्या कायद्यातही गाडीतल्या धूम्रपानाची मनाई सहप्रवाशाच्या हरकतीलाच बांधलेली राहिली. म्हणजे शंभर वर्षं सरकारच्या डोळ्यांपुढे होती ती शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाची गैरसोय. शाळकरी पोराच्या हाती पहिली विडी पडूच नये, यासाठी राज्याने काही करावं हा विचार जगात इतरत्र रुजू लागला होता. ब्रिटनने १९०८ च्या बालकायद्यात सोळा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला मनाई केली. पुढे पंजाब (१९१८) आणि बंगाल (१९१९) या प्रांतांनी तसेच कायदे केले. स्वतंत्र भारतात देशभर लागू होणारा असा कायदा यायला मात्र २००३ साल उजाडलं. तो एवढा उशिरा का आला आणि आल्यावरही घाटाखालच्या कर्जत-खालापूर तालुक्यांतल्या वाड्यांपर्यंत अर्धाच का पोचला, ते समजून घ्यायचं तर आधी घरात डोकावायला हवं.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराच्या दरबारात ती पोचली विजापूरहून. असद बेग हा सरदार १६०४-०५ च्या सुमारास आदिलशाहीतून परतला तो तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन. अकबराने चार झुरके मारले, हकिमाने त्याला अडवलं, आणि या अनोळखी पानाच्या गुणदोषांवर भर दरबारात वाद झाला. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूला मनाई केली, पण ती कोणी पाळली नाही. दोन-अडीच शतकांत तंबाखू कोकणच्या घरात इतकी मुरली की पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्यापाठोपाठ पान-तंबाखूची चंची सरकवणं हा शिष्टाचारच झाला. आगरी-कुणब्यांच्या गावात काय आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीत काय, लग्नाच्या बोलणीला, लावणीच्या खाड्यात, मयताच्या घरी पान-तंबाखू पुढे करावीच लागे. रानात आपटा होता, टेंभुर्णी होती. त्यांच्या पानांत तंबाखू वळली की विडी तयार.

बायकांची मशेरी वेगळी. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, हाताने चुरून बारीक करायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर बोटाने हिरड्यांना चोळायची. आधी दात घासायला म्हणून, मग दुपारी, मग भाताच्या आवणात वाकून कंबर धरली की. दात दुखतोय म्हणणाऱ्या लेकीला आईच आपल्या डबीतली चिमूट देते. मुलग्याची वाट निराळी: ‘जा रे, दोन विड्या घेऊन ये,’ असं सांगून बाप किंवा आजा त्याला दुकानात पिटाळतो. दुकानदार पोराला ओळखतो, कोणासाठी नेतोय तेही त्याला माहीत असतं. पुढे कायद्याला ज्या व्यवहाराला हात घालायचा होता तो हाच, आणि यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

धोक्याची पहिली सूचना दिली ती डॉक्टरांनी. मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईत येणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर १९४४ मध्येच लिहिलं होतं. १९५३ मध्ये मुंबईच्याच डॉ. जोशींनी आणखी एका विकाराची नोंद केली. त्यात तोंडाच्या आतलं अस्तर राठ होत जातं आणि जबडा उघडेनासा होतो. सुपारीशी जोडलेला हा विकार कर्करोगाच्या अलीकडचा टप्पा ठरू शकतो. तेव्हा तो विरळा होता.

रुग्णालयात येतो तो शेवटच्या पायरीवरचा माणूस. गावात काय चाललंय हे पाहायला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने उलटा रस्ता धरला. डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता, दफ्तरी आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग या चमूने बोरघाटाच्या पलीकडे, पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत घरोघरी जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. कोण काय ओढतं, काय चघळतं, कोण मशेरी लावतं, सगळं लिहून घेतलं. १९७२ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. एक लाख खेडूतांच्या तोंडात वाकून पाहणारं हे काम मला आपल्या आरोग्याच्या इतिहासातल्या मोठ्या कामांपैकी एक वाटतं. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीचे पांढरे-लाल चट्टे तंबाखूच्या सवयींशी कसे बांधलेले आहेत, ते इथल्याच मातीतल्या पुराव्याने पुढे आलं.

१९७५ मध्ये संसदेने कायदा केला तो फक्त सिगारेटचा. १ एप्रिल १९७६ पासून पाकिटावर वैधानिक इशारा छापणं बंधनकारक झालं. विडीच्या कट्ट्यावर काही नाही, चुना-तंबाखूच्या पुडीवर काही नाही. कोणत्या वयाच्या गिऱ्हाइकाला विकावं यावरही अक्षर नाही. सिगारेट ओढणारे थोडे, त्यांतही वाचू शकणारे थोडे. कर्जतच्या वाडीतल्या मुलाशी या कायद्याचा संबंध आलाच नाही. ३० एप्रिल १९९२ ला केंद्राने तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर बंदी घातली. ती चांगलीच गोष्ट होती, पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला ना कारखाना लागतो ना परवाना.

याच काळात बाजारात पुडी आली. सुपारी, कात, चुना, सुगंध आणि तंबाखू हे मिश्रण आधी डब्यातून विकलं जाई, डबा परवडणाऱ्यालाच ते मिळे. छोट्या चकचकीत पुडीने तो अडसर काढला. टपरीच्या पुढच्या दांडीला पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. पन्नास पैसे, रुपया. एक फाडली, तोंडात रिकामी केली, काम झालं. धूर नाही, वास आला तर बडीशेपेसारखा, वर्गात बसूनही मास्तरांना कळायचं नाही. विडीला काडी लागते, आडोसा लागतो. पुडीला काहीच लागत नव्हतं. शिवाय साध्या पानमसाल्याचं आणि गुटख्याचं नाव एकच असे, त्यामुळे एकाची जाहिरात दुसऱ्यालाही चाले. सिनेमाचे पुरस्कार सोहळे गुटख्याच्या नावाने झाले आणि १९९६ चा क्रिकेटचा विश्वचषक सिगारेटच्या नावाने. तो घरच्या टीव्हीवर पाहणारी पोरं दहा-बारा वर्षांची होती.

दंतवैद्यांच्या खुर्चीत त्याचा परिणाम दिसू लागला. ‘तोंड उघड आणि आपली तीन बोटं उभी आत घाल,’ अशी साधी चाचणी असते. निरोगी माणसाची तीन बोटं सहज जातात. आता कॉलेजच्या वयाची मुलं यायला लागली, ज्यांची दोनच बोटं जात. कोणाचं एक. जेवताना तिखट लागलं की आग होते, घास मोठा घेता येत नाही, म्हणून ती आलेली असत. जोशींनी १९५३ मध्ये नोंदलेला तो विरळा विकार पुडीमागोमाग तरुण तोंडांत आला होता.

कायद्याच्या अंगाने पहिली धडक मुंबईच्या राजकारण्याने दिली. मुरली देवरा यांनी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि इतर सार्वजनिक वाहनांत धूम्रपान बंद झालं. त्याच वर्षी संसदेत व्यापक विधेयक आलं आणि २००३ मध्ये ‘कोटपा’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. १ मे २००४ पासून तो लागू झाला. जाहिरात बंद, प्रायोजकत्व बंद, अठरा वर्षांखालच्याला विक्री बंद. १ डिसेंबर २००४ पासून आणखी एक नियम आला: शैक्षणिक संस्थेच्या कुंपणापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. मोडल्यास दंड २०० रुपयांपर्यंत.

महाराष्ट्र मात्र त्याआधीच पुडीच्या मागे लागला होता. १ ऑगस्ट २००२ पासून राज्याने पाच वर्षांसाठी गुटख्यावर बंदी घातली, आधार होता अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचा. उत्पादक न्यायालयात गेले. २ ऑगस्ट २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, कारण असा अधिकार राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्याला नाही, तो केंद्राचा. पुड्यांच्या माळा पुन्हा लोंबू लागल्या. पण त्याच निकालपत्रात एक वाक्य होतं, जे तेव्हा फारशा कोणाच्या मनात भरलं नाही: गुटखा आणि पानमसाला हे चवीसाठी खाल्ले जातात, म्हणून ते ‘अन्न’च आहेत. बंदीवाले हरले होते, आणि त्यांचं पुढचं हत्यार त्याच निकालात पडून होतं.

ते उचललं गेलं सात वर्षांनी. नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ऑगस्ट २०११ मध्ये लागू झालेल्या नियमावलीत एक छोटा नियम होता, २.३.४ क्रमांकाचा: कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येणार नाही. गुटखा अन्न आहे असं सर्वोच्च न्यायालयानेच म्हणून ठेवलं होतं. त्याच सुमारास, मार्च २०११ पासून, न्यायालयाच्या आदेशाने गुटख्याच्या प्लॅस्टिक पुड्यांवरही बंदी आली. एप्रिल २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने २.३.४ या नियमाच्या बळावर गुटखा बंद केला, पुढे केरळ आणि बिहारने. महाराष्ट्रात पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते आणि अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते महेश झगडे. टाटा रुग्णालयाचे शल्यविशारद डॉ. पंकज चतुर्वेदी जबडा गमावलेल्या तरुण रुग्णांना घेऊन लोकप्रतिनिधींना भेटत होते. ज्यांना नीट बोलताही येत नाही अशी मुलं समोर उभी राहिल्यावर महसुलाचा हिशेब मांडणं कठीण होतं. जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटखा आणि पानमसाला दोन्ही बंद केले. इतर राज्यांत पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत देऊन पळवाट काढली गेली. महाराष्ट्राने पानमसालाही बंद केल्याने ती वाट इथं निदान कागदावर तरी अडली. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, मावा, खर्रा यांवरही बंदी आली. ही बंदी एका वर्षाची असते, दरवर्षी नव्या अधिसूचनेने ती पुढे चालवावी लागते.

बंदीने काय साधलं? दांडीला लोंबणाऱ्या माळा गेल्या, आणि ही गोष्ट मी मोठी मानतो. समोर न दिसणारी वस्तू मागावी लागते, आणि मागायला तेरा वर्षांचं पोर बिचकतं. भाव वाढले. काही वर्षांनी जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने बंदी असलेल्या राज्यांत पाहणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. ९२ टक्के लोक बंदीच्या बाजूने निघाले आणि गुटखा खाणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी प्रमाण कमी झाल्याचं सांगितलं. पण गुटखा नाहीसा झाला नाही. शेजारच्या राज्यांतून चोरटा माल येतच राहिला, आणि राज्यातले मोठे रस्ते म्हणजे मालवाहतुकीचे रस्ते. खालापूर तालुक्यातून जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि द्रुतगती मार्ग असे दोन्ही जातात. पकडलेल्यांवर फक्त अन्नसुरक्षा कायदा लावायचा की भारतीय दंडविधानही, यावर खटले चालले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही लावता येतात असा निर्वाळा दिला. तोंडाच्या कर्करोगाने सत्तेतल्यांनाही सोडलं नव्हतं: १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आर. आर. पाटील त्यानेच गेले. याच राज्याचे ते अनेक वर्षं गृहमंत्री होते. शरद पवारांनीही आपल्या या आजाराबद्दल आणि तंबाखूच्या सवयीबद्दल जाहीरपणे सांगून तरुणांना सावध केलं आहे.

दुसरी फळी शाळेत उभी राहिली. मुंबईत २००२ पासून काम करणाऱ्या सलाम बॉम्बे फाउंडेशनने महापालिका शाळांतल्या मुलांनाच पुढे केलं. टपऱ्या मोजणं, दुकानदाराशी बोलणं, पथनाट्य, नकार कसा द्यायचा याची तालीम. २०१५ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने सगळ्याच शाळा तंबाखूमुक्त करायचा आदेश काढला आणि त्याचे निकष ठरले. दारावर फलक, आवारात कुठे थुंकल्याच्या खुणा नकोत, शिक्षकांनीही तंबाखू खायची नाही, शंभर यार्डांत दुकान नको. २०१९ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तर शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारायला सांगितलं आहे. शिक्षकाच्या खिशातल्या पुडीवर लिहून बोट ठेवलं, हे या निकषांचं मोल. गुरुजींसाठी तंबाखू आणायला धाडलेली मुलं आपल्या गावांना नवी नव्हती.

पण कर्जत-खालापूरच्या भूगोलात ती पिवळी रेघ काय करते ते पाहायला हवं. गावठाणात एक शाळा आणि भोवती विखुरलेल्या पाच-सहा वाड्या. मूल वाडीतून निघतं, मैल-दोन मैल चालतं. दुकान असतं ते फाट्यावर, एसटीच्या थांब्याशी किंवा वाडीतच कोणाच्या ओटीवर, जिथं मीठ, तेल, गोळ्या-बिस्किटं आणि विड्या एकाच फळीवर असतात. शाळेपासून ते शंभर यार्डांच्या बरंच पलीकडे. नियमाप्रमाणे सगळं चोख, आणि तरीही मुलाच्या रोजच्या वाटेत ते दिवसातून दोनदा येतंच. हा नियम शहराच्या गल्लीतली शाळा डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. इथं उपयोगी पडायला हवं ते वयाचं कलम, पण ते चालवणारा दुकानदार नात्यातला आणि गिऱ्हाईक शेजारचा. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड ठेवला. इतकी जबर शिक्षा असली की गावचा पोलीस पाटील तक्रार लिहायलाही धजत नाही. दोनशे रुपयांचा दंड कोणाला जाणवत नाही आणि सात वर्षांची सजा कोणाला सोसवत नाही. मधलं काहीतरी हवं होतं.

राज्याचे आकडे हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतात. २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. २०१६-१७ मध्ये ते २६.६ टक्क्यांवर आले. ओढणारे ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर घसरले, तर न ओढता खाणारे-लावणारे २७.६ वरून २४.४ वर. मोठी माणसं कमी झाली हे खरं यश आहे. पण त्याच पाहणीत १५ ते १७ वयाच्या मुलांमधलं प्रमाण २.९ वरून ५.५ टक्के झालं, आणि सुरुवातीचं सरासरी वय साडेअठरावरून १७.४ वर उतरलं. म्हणजे सोडणारे वाढत असताना सुरू करणारे लहान होत गेले. २०१९ मध्ये शाळांतल्या १३ ते १५ वयाच्या मुलांची देशभर पाहणी झाली. तंबाखू वापरणारी मुलं ८.५ टक्के निघाली, आणि विडी ओढणाऱ्या मुलांपैकी ४७ टक्क्यांनी दहाव्या वाढदिवसाच्या आत ती सुरू केलेली होती. दहा वर्षांचं मूल चौथी-पाचवीत असतं.

मग एकामागून एक निर्णय आले. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत हुक्क्याशी जोडल्या गेलेल्या कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. शनिवार-रविवारी फार्महाउसांवर मुंबईची तरुण मंडळी लोटणाऱ्या कर्जत-नेरळ-खोपोली पट्ट्याला ती लागू होणं गरजेचंच होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने ई-सिगारेट बंद केली. पण सगळ्यांत नेमका घाव होता तो २०२० च्या सप्टेंबरातला. राज्याने सिगारेट आणि विडी सुटी विकायला मनाई केली. चित्रमय इशारा २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आहे, पण एक सिगारेट किंवा दोन विड्या घेणाऱ्या मुलाला पाकीट दिसतच नाही. मुलं पाकीट घेत नाहीत, तेवढे पैसे त्यांच्याकडे नसतात. पहिली सिगारेट सुटीच असते. म्हणून हा आदेश कागदावर न राहता टपरीवर दिसायला हवा होता. तो निघाला तेव्हा सगळी यंत्रणा कोविडमध्ये गुंतलेली होती, आणि सुटी विक्री चालूच राहिली.

विडीला सवलत देण्याची जुनी सवयही सुटलेली नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा विडीवर २८ टक्के कर बसला, पण सिगारेटवर बसलेला अधिभार तिला लागला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा दर १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. कारण दिलं जातं ते विडी वळणाऱ्या कामगारांचं, आणि त्यांची हलाखी खरी आहे. तिच्यावरचा उपाय मात्र स्वस्त विडी असू शकत नाही. रुपया-दोन रुपयांच्या फरकाने मोठ्या माणसाची विडी सुटत नाही, पण शाळकरी मुलाचा हात थांबतो.

खालापूर तालुक्यात तांबाटी इथं टाटा मेमोरियल सेंटरच्या रुग्णालयासाठी जमीन देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतलेला आहे. पहाटेची लोकल धरून परळ गाठणाऱ्या इथल्या रुग्णांना त्याचा आधार होईल. सुरुवातच रोखायचा धागा मात्र दिल्लीत अडकून पडला आहे. २०२० मध्ये केंद्राने कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा तयार केला होता. त्यात देशभर सुट्या विक्रीला बंदी आणि विक्रीचं किमान वय २१ करण्याची तरतूद होती. तो संसदेत मंजूर झाला नाही. न्यूझीलंडने तर २००९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कधीच तंबाखू विकायची नाही असा कायदा २०२२ मध्ये केला, आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये तो मागे घेतला. शेजारच्या कर्नाटकाने दिल्लीची वाट न पाहता स्वतःची दुरुस्ती करून वय २१ केलं, २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमतीही मिळवली. हुक्क्यासाठी महाराष्ट्राने २०१८ मध्ये अशीच दुरुस्ती केली होती. वयासाठी अजून केलेली नाही.